ड्रिलबाईंचा गुडघा

"बसाले ताकद लागते, पोरीहो. पयाले काय, कुत्रंबी पयते."

खो-खोसाठी मुली ओळीनं उकिडव्या बसल्या की ड्रिलबाईंचं हे वाक्य ठरलेलं. एका हातात शिट्टी, दुसरा हात कमरेवर, लुगड्याचा काष्टा इतका घट्ट की वादळातही हलू नये. मुली हसत. त्या मात्र हसत नसत. ओळीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात आणि ज्या मुलीच्या टाचा टेकलेल्या दिसतील तिच्या पाठीवर हलकेच टिचकी मारत. "हे काय, पाटावर जेवाले बसली काय?"

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. अकोल्याची मुलींची शाळा, खाजगी, एका कमिटीनं चालवलेली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे इन्स्पेक्ट्रेसबाई नागपूरहून येत आणि त्या येणार म्हटलं की आठवडाभर आधीपासून भिंतींना चुना लागे. मी अमरावतीची, आणि ड्रिलबाई भातकुलीकडच्या एका खेड्यातल्या. आम्ही दोघी एकाच चाळीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. शाळेत त्यांना नावानं कोणीच हाक मारत नसे. मुली, शिपाई, हेडमिस्ट्रेसबाई, सगळ्यांच्या त्या ड्रिलबाई. त्यांनी माझं नाव ठेवलं होतं व्याकरनबाई. त्यातला 'ण' मी त्यांना पुष्कळदा दुरुस्त करून दिला. त्या म्हणायच्या, "तुमच्या त्या नानं माही जीभ मुरगयते."

त्यांचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. लहानपणीच लग्न झालं, नवरा वारला, आणि पाट लावून दुसरं लग्न करायला त्यांनी साफ नकार दिला. मग मामानं त्यांना अमरावतीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला घातलं. तिथंच एका उन्हाळी वर्गात त्या लेझीम, डंबेल्स आणि खो-खो शिकल्या. "म्या पयल्यांदा कोनी मांगं लागल्याबिगर पयून पाह्यलं," असं त्या त्या दिवसांबद्दल सांगत. हे वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांचं दुखणं प्रथम कोणाच्या लक्षात आलं असेल तर ते माझ्या. तुम्ही कोणाच्या शेजारी भिंतीला भिंत लावून राहिलात की माणसाची चाल कानानं ओळखू येते. आमच्या खोल्या माडीवर होत्या. ड्रिलबाई जिना चढायच्या तो धाडधाड. उतरताना मात्र आवाज बदलू लागला. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. म्हातारं माणूस उतरतं तसं. आणि त्या तेव्हा तिशीच्याही नव्हत्या.

"पाय मुरगळला का?" मी विचारलं.

"नाई."

"मग?"

"काई नाई. वाटी कुरकुर करून राहिली."

गुडघ्यावरची वाटी. तिच्या मागून, कडेनं दुखायचं. सूज नाही, लाली नाही, ताप नाही. सपाटीवर चालताना काही वाटायचं नाही. पण उतरताना, उकिडवं बसून उठताना, उड्या मारल्यावर, आणि गंमत म्हणजे नुसतं पाय दुमडून फार वेळ बसलं तरीसुद्धा. एकदा कीर्तनाला गेलो असताना त्या मध्येच उठून खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बुवांना वाटलं, बाईंना रंग चढला. बुवा आणखी जोरात गाऊ लागले.

हे त्या कोणाला सांगत नव्हत्या, त्याला कारण होतं. शाळेच्या कमिटीचे चिटणीस एक वकीलसाहेब होते. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या विहिरीसाठी त्यांनी स्वतः खटपट केली होती. पण मुलींनी मैदानात पळावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. मुलींची हाडं नाजूक, पुढं संसाराला अपाय होईल, असं ते म्हणत, आणि मैदानाच्या जागी शिवणवर्गाची खोली बांधावी असा त्यांचा आग्रह होता. ड्रिलबाईंचा गुडघा दुखतो हे कळलं असतं तर त्यांना दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नसती.

म्हणून ड्रिलबाई मुलींसमोर आणखी जोरात उड्या मारत आणि घरी येऊन रुईची पानं तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधत. मेथीचे लाडू झाले, चुना-हळद झाली, एका पहिलवानानं तेल चोळून दिलं. शेकल्यावर बरं वाटे. मैदानावर गेलं की पुन्हा तेच.

शेवटी जे व्हायचं ते स्नेहसंमेलनात, साऱ्या गावासमोर झालं. लेझमीचा खेळ संपला, टाळ्या पडल्या, आणि ड्रिलबाई स्टेजच्या लाकडी पायऱ्या उतरू लागल्या. मधल्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. कोणी ढकलल्यासारख्या त्या खाली आल्या. हातातली लेझीम छमकन वाजली. काही लोकांना तो खेळाचाच भाग वाटला आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी गर्दीतून वाट काढत गेले. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "उठवू नोका. मी उठतो." आणि उठल्या. पण पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांनी सगळं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीत बोलणं झालं. वकीलसाहेब चढ्या आवाजात बोलले नाहीत. ते म्हणाले, "बाई, मी काही तुमचा वैरी नाही. पण शिकवणारीचीच ही अवस्था, तर शिकणाऱ्या मुलींचं काय? उन्हाळ्याची सुट्टी आहे. बऱ्या होऊन आलात तर पाहू. नाहीतर शिवण शिकवा. नोकरी काही जात नाही."

घरी आल्यावर ड्रिलबाई खोलीचं कुलूप काढताना म्हणाल्या, "मले सुई ओवता येत नाई, व्याकरनबाई."

उन्हाळाभर त्या गावी खाटेवर पडून राहिल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, मीसुद्धा. विश्रांती घ्या. त्यांनी ती इमानेइतबारे घेतली. आईनं त्यांना पाण्याचा लोटासुद्धा उचलू दिला नाही. शाळा उघडायच्या आधी त्या परत आल्या तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. डब्यातून उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती. चेहरा पांढरा पडलेला. गुडघा पूर्वीपेक्षा वाईट होता. संध्याकाळी त्यांनी लुगडं वर सारून मला दोन्ही मांड्या दाखवल्या. दुखऱ्या पायाची मांडी दुसरीच्या मानानं काठीसारखी झाली होती.

"पडून पडून हे कमावलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं जुन्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे मुसलमान गृहस्थ, दाढी मेंदीनं रंगवलेली. पहिल्या महायुद्धात ते फौजेच्या दवाखान्यात बसऱ्याला होते आणि त्यांनी शिपायांचे गुडघे ढिगानं पाहिले होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी आपल्या मुलीला बोलावून पडद्याआड तिच्याकडून मांडीचं माप घेववलं. मग ड्रिलबाईंना खुर्चीवर बसवलं, उभं केलं, पाय सरळ उचलायला लावला, एका पायरीवरून उतरून दाखवायला सांगितलं.

"कधी गुडघा अडकून बसते काय? फुगते? रातीचं ताप येते?"

"नाई."

"सारा उन्हाळा काय केलं?"

"आराम केला, डॉक्टरसाहेब. खाटीवर."

"खाटेनं गुडघा बरा होत असता ना बाई, तर मी दवाई सोडून खाटाच इकल्या असत्या."

ड्रिलबाई कित्येक महिन्यांनी हसल्या.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वाटी फुटलेली नाही, झिजून गेलेली नाही. ती मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या पट्ट्यात बसवलेली असते आणि पाय वाकला, सरळ झाला की खोबणीतून खालीवर सरकते. मांडी आणि कुल्ला जोरदार असले की ती नीट सरकते. तिथं ताकद कमी आणि वर उड्यांचा, बैठकांचा मारा जास्त झाला की तिच्यावर नको तेवढा भार येतो, आणि ती कुरकुरायला लागते.

ड्रिलबाई ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "म्हंजे इहिरीवरच्या मोटीच्या चाकावरून नाडा सरकते, तसं?"

"बिल्कुल तसं!" डॉक्टरांनी टेबलावर हात मारला. "चाक कुरकुरते म्हनून तुमी चाकालेच तेल लावून राहिल्या. अन् ज्या बैलाइच्या जोरावर मोट चालते ते बैल खाटेवर उपाशी बांधून ठेवले. बैलाइले चारा घाला, बाई."

बैलांचा चारा म्हणजे व्यायाम होता. आणि तो इतका साधा होता की ड्रिलबाईंना त्याची लाजच वाटली. पाठीवर उताणं पडायचं, एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ताठ करून हळूहळू वर न्यायचा आणि त्याहून हळू खाली आणायचा. कुशीवर वळून वरचा पाय उचलायचा. भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली सरकायचं, दुखायच्या आत थांबायचं आणि वर यायचं. सपाटीवर चालायचं. उकिडवं बसणं आणि उड्या सध्या बंद. पण पडून राहणंही बंद. फार वेळ बसावं लागलं तर पाय मध्येमध्ये लांब करायचा.

"अन् दुखलं तं?" ड्रिलबाईंनी विचारलं.

"थोडं दुखन. दुखू द्या. दुसऱ्या दिवशी सकायी उठून पाहा. कालच्याइतकंच असलं तर चालू ठेवा. वाढलं असलं तर कमी करा. कमी. बंद नाई."

आमच्या चाळीच्या गच्चीवर सकाळी हा कार्यक्रम सुरू झाला. वाळवणाच्या चटईवर ड्रिलबाई उताण्या, पाय आकाशाकडे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं काही व्रत धरलंय. त्यांनी भीत भीत विचारलं, "कोणत्या देवाचं हो?"

"गुडगेश्वराचं," ड्रिलबाई म्हणाल्या. काकूंनी नमस्कार केला.

शाळेत त्यांना शिवणाच्या वर्गावर पाठवायचं की नाही, हे हेडमिस्ट्रेसबाईंनी दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकलं. तोवर स्टुलावर बसून शिकवा, म्हणाल्या. आणि तो स्टूल मैदानावर ठेवला गेला त्या दिवशी जे घडलं ते मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं.

मुली जमल्या. ड्रिलबाई स्टुलावर बसल्या, दुखरा पाय पुढं लांब केलेला. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. ड्रिलबाईंनी शिट्टी काढून मांडीवर ठेवली.

"माह्या गुडग्याची वाटी दुखते," त्या म्हणाल्या. "लय दिसापासून दुखते. म्या तुमाले सांगतलं नाई."

मग शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी, गोदा नावाची, उंच, शिडशिडीत, कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीची लेक, हळूच म्हणाली, "माहीबी दुखते, बाई."

"कवापासून?"

"थंडीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

गोदाच्या मागून आणखी एक हात वर आला. मग आणखी एक.

त्या संध्याकाळी ड्रिलबाई जेवल्या नाहीत. माझ्या खोलीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसून राहिल्या. गोदाच्या बापानं तिला शाळेतून काढायचं ठरवलं होतं, हेही त्या दिवशीच कळलं होतं. पोरगी लंगडते म्हणून. लंगड्या पोरीचं लग्न कसं व्हायचं म्हणून.

"म्या लपोलं," त्या म्हणाल्या, "म्हनून त्याइनं लपोलं. म्या शिकोलं ना त्याइले."

"तुम्हाला नोकरीची भीती होती."

"त्याइलेबी कायची ना कायची भेव होतीच ना."

मी कंदिलाची काच पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या चालत जिनिंगपाशी, गोदाच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. मिस्त्री बाहेर आला, हात पुसत. ड्रिलबाईंनी त्याला ना शाळेचं महत्त्व सांगितलं, ना शिक्षणाचं. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या इंजिनाचा पट्टा ढिला झाला तर तुमी इंजिन भंगारात देता काय?"

"नाई. पट्टा कसतो."

"मंग पोरीचा मले कसू द्या. होळीपर्यंत. तवाबी लंगडली तर काढून न्या."

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "होळीपर्यंतच."

त्यानंतर मैदानाची रीत बदलली. पूर्वी मुलींना ओळीत उकिडवं बसवून ड्रिलबाई लांबलचक भाषणं करत. आता भाषण उभ्यानं. खेळात उकिडवं बसणं आळीपाळीनं. ज्यांचं दुखतं त्यांनी आधी चटईवर पाय उचलायचे, मग थोडं चालायचं, मग थोडं पळायचं, आणि उड्या सगळ्यांत शेवटी. रोज सकाळी हजेरीला त्या विचारत, "कालच्यापेक्षा जास्त कोनाचं?" आणि मुली खरं सांगत. मैदानावर पाणी मारून जमीन मऊ करायची ड्यूटी लागली. शिपाई कुरकुरला, पण त्याच्या बायकोचाही गुडघा दुखत होता, तेव्हा गप्प झाला.

हे सगळं सरळ घडलं असं समजू नका. दिवाळीच्या सुमाराला ड्रिलबाईंना इतकं बरं वाटलं की एका संध्याकाळी त्यांनी शिट्टी गळ्यात मागं टाकली आणि मुलींबरोबर धावल्या. डाव अंधार पडेपर्यंत खेळल्या. सकाळी जिन्यावर बसून त्यांना रडताना मी पाहिलं. तेवढं एकदाच.

"सारं पानी झालं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "बैलाइले एकदम लय चारा घातला. आज अर्धा घाला. मूठभर तरी घालाच. अन् घाबरू नोका, कुठं काई तुटलं नाई."

म्हणून त्या दिवशी अर्धाच. मी त्यांच्याबरोबर चटईवर बसले आणि माझं व्याकरणाचं पुस्तक घेऊन मोठ्यानं प्रयोग वाचत राहिले. त्या कर्तरीवर पाय वर नेत आणि कर्मणीवर खाली.

थंडी सरताना अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेशी खो-खोचा सामना ठरला. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी मैदान पाहून शेरा चांगला दिल्यामुळे शिवणवर्गाचं बोलणं मागं पडलं होतं आणि वकीलसाहेबांना सामन्यालाही नाही म्हणता आलं नाही. आम्ही आगगाडीनं निघालो. ड्रिलबाईंचा पाय पत्र्याच्या ट्रंकेवर लांब केलेला. समोरच्या बाकावरचे एक शेटजी म्हणाले, "बाई, पाय जरा आवरा." त्यावर आमच्या साऱ्या मुलींनी एका सुरात त्यांना वाटीचं शास्त्र सांगितलं, मोट-बैलांसकट. मूर्तिजापूरला शेटजींनी आपलेही पाय लांब केले.

सामना आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलो. गोदा चांगली खेळली. ती पळायची तेव्हा तिच्या वेणीला जमिनीशी समांतर राहावं लागे. शेवटच्या डावात ड्रिलबाईंनी तिला बाहेर बसवलं, कारण ती पाय झटकताना त्यांना दिसली. मुली ओरडल्या, "बाई, तिले खेळू द्या, आपन जिंकतो!" ड्रिलबाईंनी मान हलवली. "उद्याबी दिवस हाय." गोदा चिडून बसली, पण पाय लांब करून बसली.

परतताना बडनेऱ्याला गाडी बदलायची होती आणि पूल ओलांडायचा होता. मुली धडधड चढल्या. उतरायची वेळ आली तशी मी सवयीनं ड्रिलबाईंच्या मागं राहिले. त्यांनी कठड्यावर हात ठेवला. मग काढून घेतला. एक पायरी, दुसरा पाय, दुसरी पायरी. एकेक पाऊल पुढच्या पायरीवर. शेवटी त्या फलाटावर उभ्या राहिल्या आणि वर माझ्याकडे पाहिलं. मी जाडजूड बाई, एव्हाना मलाच धाप लागली होती.

"या व्याकरनबाई, या. हात देऊ काय?"

दुखणं पूर्ण गेलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ते त्यांच्या ताब्यात आलं, एवढंच. होळी आली आणि गेली. मिस्त्री गोदाला न्यायला आला नाही. वकीलसाहेबांचं मत अखेरपर्यंत बदललं नाही. शिवणवर्गाची खोलीही झाली, पण मैदानाच्या कडेला. त्यांच्या सौभाग्यवती मात्र हळदीकुंकवाच्या निमित्तानं आमच्या चाळीत आल्या आणि दार लावून घेऊन विचारलं, "ते भिंतीला पाठ लावून कसं करतात, जरा दाखवता?"

काही वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्रिलबाई गावी गेल्या आणि विषमज्वर झाला. गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आम्हाला कळलं तेव्हा सारं उरकलं होतं.

मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. बडनेऱ्याहून बैलगाडीनं, वांग्याच्या मळ्यांमधून. त्यांची आई अंगणात शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधत होती. बाजार चुकवून चालत नाही, म्हणाली. मला पाणी दिलं, शेजारी बसवलं. नवी जुडी बांधायला घेत तिनं विचारलं, "बाई, माही पोरगी तिकडं काय शिकवे?"

गावात लोक नावं ठेवतील म्हणून ड्रिलबाईंनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मास्तरीण, एवढंच आईला माहीत.

"खेळ शिकवायच्या," मी म्हणाले. "मुलींना पळायला शिकवायच्या."

"पयाले?" म्हातारीच्या हातातली जुडी थांबली. "पयाले काय शिकवा लागते?"

मी समजावू लागले. खो म्हणजे काय, खांब कुठं, पाठलाग कसा. भाषा हा माझा विषय. पण ते काही मला सांगता येईना. म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

शेवटी मी उठले. पदर खोचला. अंगणाच्या एका टोकाला शेंगांचा ढीग होता, दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड. मी आयुष्यात कधी पळाले नव्हते. त्या ढिगापासून झाडापर्यंत पळाले, झाडाला हात लावून वळले, आणि पळत परत आले. चपला एकीकडे, अंबाडा दुसरीकडे. कुंपणाशी दोन शेजारणी तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

म्हातारी हसली नाही. तिनं शेंगा बाजूला सारल्या, अंगणातली वाट मोकळी केली आणि हात गुडघ्यांवर ठेवून नीट बसली.

"आनखीन एकडाव पया, बाई," ती म्हणाली. "मले पाहू द्या."